नऊ एकांचा डोंगर

श्रोतेहो, आज आधी पाटी-पेन्सिल जवळ घ्या. पाटी घरात उरली नसेल, तर मुलांच्या वहीचे मागचे पान चालेल. पण हात रिकामा ठेवून हे भाषण ऐकू नका, कारण आजचा विषय कानापेक्षा हाताने अधिक कळणारा आहे. ज्यांच्या हाती हे छापील रूपात पडेल, त्यांनीही पेन्सिल घेऊनच वाचावे.

घेतलीत? मग ही संख्या लिहा. एकपासून सुरुवात करून नऊपर्यंत चढत जा, आणि नऊवरून खाली उतरत पुन्हा एकवर या. नऊ एकदाच लिहायचा.

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक झाले. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. आता ती मोठ्याने वाचता येते का बघा. नेहमीच्या आपल्या पद्धतीने ती होते एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'कोटी' हा शब्द दोनदा आला, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी, हे तुमच्या लक्षात आले असेल. व्यवहारात आपल्याला अब्जाच्या पुढचे शब्द लागतच नाहीत, म्हणून असे कोटींचे कोटी करावे लागतात. पण शब्द नाहीत असे मात्र नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये जी 'लीलावती' लिहिली, तिच्या आरंभीच अठरा स्थानांची नावे आहेत. अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानावर बसतो. आणखी एक अंक असता, तर ती परार्धाच्या घरात गेली असती. आणि भास्कराचार्य काही आपल्याला परके नव्हेत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. आपल्या अजिंठ्याच्या डोंगररांगांतलेच ते ठिकाण.

केवढी आहे ही संख्या? समजा, तुम्ही एका सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, तर ती गाठायला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. एवढ्यावर बहुतेक जण हात जोडतात. भोकरदन, मंठा, घनसावंगीकडून आमच्याकडे महाविद्यालयात येणारी मुले हुशार असतात, मेहनती तर असतातच. पण दहा-बारा अंकांची संख्या फळ्यावर आली की पेन खाली ठेवतात. "सर, एवढं मोठं कोण करणार?" त्यांचा दोष नाही. मोठी संख्या म्हणजे वाचून दाखवायची, स्वल्पविराम द्यायचे आणि पुढच्या धड्याला लागायचे, एवढीच तिची ओळख शाळेत झालेली असते. आणि हल्ली तर खिशातले यंत्र सगळे करते, असा समज आहे.

तो समज आधी काढून टाकू. साधे बारा घरांचे गणनयंत्र ही संख्या पूर्ण दाखवूच शकत नाही. शाळेत संगणक असेल तर शिक्षकमित्रांनी एक गंमत करून पाहावी. हिशेबाचे तक्ते मांडण्याचे जे प्रचलित साधन असते, त्याच्या एका घरात ही संख्या टाकावी. शेवटचे २१ जाऊन तिथे दोन शून्ये बसलेली दिसतील. ते साधन पंधरा अंकांपर्यंतच खरे बोलते. म्हणजे तुमच्या पाटीवर जी संख्या बिनचूक उभी आहे, ती तिथे चुकीची उतरते. तेव्हा यंत्राला नावे न ठेवता आपण आपली पाटीच धरू.

ही संख्या आली कुठून? लहानापासून सुरू करा. ११ ला ११ ने गुणा, उत्तर १२१. आता १११ गुणिले १११. हा गुणाकार तुम्हाला लिहावा लागतो तो तीन ओळींत. पहिल्या ओळीत १११, दुसऱ्या ओळीत तोच १११ एक घर डावीकडे सरकवलेला, तिसऱ्या ओळीत आणखी एक घर सरकवलेला. बेरीज १२३२१. चार एक घेतले तर १२३४३२१. आता कोणीही सांगेल की नऊ एकांच्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, तिनेच गुणले की आपली सतरा अंकी संख्या मिळणार. ती एक पूर्ण वर्गसंख्या आहे.

पण 'मिळणार' असे म्हणून थांबायचे नाही. का मिळणार? पाटीवर नऊ ओळी मांडा. प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक, दर खेपेला एक घर डावीकडे. आता उभे रकाने पाहा. एकक स्थानाच्या रकान्यात एकच ओळ पोचते, म्हणून बेरीज एक. दशकाच्या रकान्यात दोन ओळी, बेरीज दोन. शतकाच्या रकान्यात तीन. असे वाढत वाढत नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात. तिथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि बेरीज आठ, सात, सहा अशी उतरते. बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्या रचताना मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतार होतो ना, तसेच हे. संख्येतला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या ओळींची मोजदाद आहे. गुणाकार न करताही उत्तर दिसते ते त्यामुळे.

हे कळले की पुढचा प्रश्न आपोआप सुचायला हवा. शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने तो विचारला, तर "तो अभ्यासक्रमात नाही" असे म्हणू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. प्रश्न असा, की दहा एक घेतले तर? नियम पुढे चालेल का? चालत नाही. मधल्या रकान्याची बेरीज होते दहा, म्हणजे शून्य लिहायचे आणि हातचा एक. तो हातचा डावीकडच्या नवात मिसळला की तेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठात मिसळून होतात नऊ, आणि तिथे हातचा संपतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला. तो हातच्याने खाल्ला.

मला या मोडलेल्या उत्तराचे मोल त्या सुंदर उत्तराहून कमी वाटत नाही. नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी कोसळतो. ज्याने रकान्यांचा विचार केला त्याला तो कुठे कोसळणार हे आधीच ठाऊक असते. ज्याने नुसता नमुना पाहून पाठ केला, तो फसतो. मुलांना नमुने दाखवणारी पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात, पण 'कुठपर्यंत?' हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्या पुस्तकांत असतो.

आता या संख्येचे नाव सांगतो. हिला 'डेमलो संख्या' म्हणतात. नाव विलायती वाटते खरे, पण आहे अगदी आपल्या वाटेवरचे. जालन्याहून मुंबईला जाणारी गाडी मनमाडवरून नाशिक रोड आणि देवळाली ओलांडते, इगतपुरी-कसाऱ्याचा घाट उतरते, कल्याण मागे टाकते आणि मग डोंबिवली येते. जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या काळी मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्थानकाला डेमलो म्हणत असत. अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना ज्यांना तिथे सुचली, त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना देऊन टाकले. ते गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांनी डेमलो संख्यांचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या या प्रकाराला ते 'वंडरफुल', म्हणजे अद्भुत, डेमलो म्हणत.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. शिक्षण ठाण्यास आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधन संस्था नाही, मार्गदर्शक नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीस शाळामास्तरकी केली. तुमची-आमची गाडी ज्या स्थानकावरून जाते, तिथे हा मनुष्य खडूने हात पांढरे करून घरी येई आणि कागदावर आकडे मांडत बसे. आपले शोध तो पुष्कळदा स्वतःच्या पैशाने छोट्या पुस्तिका छापून प्रसिद्ध करी. त्या काळच्या विद्वानांपैकी काहींना हे काम पोरखेळ वाटले. गहन सिद्धांत नाहीत, नुसत्या आकड्यांच्या गमती, असे त्यांचे म्हणणे.

६१७४ ही त्यांची संख्या आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तिथेच अडकते. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, झाले ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. जगाने दखल घेतली ती मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिल्यावर. तोवर कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते, पेन्शन अपुरी पडे म्हणून शिकवण्या करीत होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते वारले.

असो. आपली सतरा अंकी संख्या पाटीवर अजून आहे ना? तिच्या अंकांची बेरीज करा. एकपासून आठपर्यंतची बेरीज छत्तीस, ती दोनदा, म्हणून बहात्तर, आणि शिखरावरचे नऊ. एकूण ८१. आता ८१ ने त्या संख्येला भाग जातो का? भागाकार करण्याची गरज नाही. नऊ एकांच्या संख्येत अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला ९ ने भाग जातो आणि १२३४५६७९ येतात. तिच्या वर्गाला मग ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनीच 'हर्षद' असे नाव दिले, हर्ष देणारी. म्हणजे त्यांची डेमलो ही त्यांचीच हर्षदही निघाली.

अंकांची बेरीज करून नवाची बाकी कशी कळते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. नवाचा ताळा तो हाच. पूर्वी मोंढ्यातला मुनीम गुणाकार झाला की ताळा घेतल्याशिवाय पान उलटत नसे. दहाला नवाने भागले तर बाकी एक, शंभराला भागले तरी एक, हजारालाही एक. म्हणून पाचशे म्हणजे बाकीच्या हिशेबात नुसते पाच, आणि सात हजार म्हणजे नुसते सात. संख्येचे अंक कुठल्याही घरात बसोत, नवाला सारखेच दिसतात.

आणि तिथेच नवाचा ताळा फसतो. समजा, तुमच्या मोसंबीची पट्टी ७,५२४ रुपयांची व्हायला हवी होती आणि लिहिणाऱ्याच्या हातून ती ७,२५४ झाली. दोनशे सत्तर रुपये गेले. नवाच्या ताळ्याला हे कळणार नाही, कारण अंक तेच, फक्त जागा बदलल्या. पण याच दुबळेपणाचा उपयोग करून घेता येतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील आणि त्यांच्या फरकाला नवाने भाग जात असेल, तर आधी अंकांची अदलाबदल कुठे झाली ते शोधा. २७० ला नवाने भाग जातो की नाही, बघा. बचतगटाचे हिशेब लिहिणाऱ्या भगिनींनी एवढे एक लक्षात ठेवले, तर रात्री उशिरापर्यंत वह्या चाळायची वेळ पुष्कळदा टळेल.

ही अदलाबदल पकडायची, तर अकराचा ताळा घ्यावा. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवा. मधले राहिलेले अंक वेगळे मिळवा. दोहोंतला फरक म्हणजे अकराची बाकी. पहिली बेरीज लहान असेल, तर तीत अकरा मिळवून मग वजाबाकी करा. ७,५२४ मध्ये चार आणि पाच नऊ, दोन आणि सात नऊ, फरक शून्य. ७,२५४ मध्ये सहा आणि बारा. सहात अकरा मिळवून सतरा, त्यातून बारा गेले, उरले पाच. ताळा जुळला नाही, चूक सापडली. शेजारचे दोन वेगवेगळे अंक उलटे पडले, तर अकराचा ताळा ते कधीच निसटू देत नाही. आपल्या डेमलो संख्येवरही तो चालवा. एका बाजूला बेरीज ४१, दुसऱ्या बाजूला ४०, बाकी १. आणि नऊ एकांच्या संख्येत पाच वजा चार, बाकी १. एकाचा वर्ग एकच. ताळा बरोबर आला.

हे जुने ज्ञान कालबाह्य झाले, असे समजू नका. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा अंक हा असाच ताळ्याचा अंक आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो ठरतो. त्याची रीत नवाच्या किंवा अकराच्या ताळ्याहून अवघड आहे. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. पण काम तेच, एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर लगेच ओळखायचे. अर्ज भरताना क्रमांक टाकल्याबरोबर 'चुकीचा' असे उत्तर येते, ते पुष्कळदा या बाराव्या अंकामुळे.

आता संख्येच्या आत शिरू. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट. म्हणून तिला १११ ने भाग जातो, भागाकार १००१००१. पुढे १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. यातला ३३३६६७ मूळ संख्या आहे. हे तपासायचे तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे १०६ वेळा, भागून पाहावे लागते. जिद्दीच्या मुलाला उन्हाळ्याच्या सुटीतले चार दिवस पुरतील. तेव्हा आपली डेमलो संख्या म्हणजे तीन चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा घेऊन केलेला गुणाकार. तिचे विभाजक मोजले तर भरतात बरोबर ४५. वर्गसंख्येच्या विभाजकांची गणती नेहमी विषम असते, कारण विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ एकटे राहते.

आणखी एक गोष्ट करून पाहा. संख्या आठव्या अंकानंतर तोडा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१. दोन तुकड्यांची बेरीज करा. नऊ नवे येतील, ९९९९९९९९९. हा योगायोग नव्हे. आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले नऊ नवे. आणि नऊ नव्यांनी गुणणे म्हणजे पुढे नऊ शून्ये देऊन तीच संख्या एकदा वजा करणे. १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये द्या, त्यातून १२३४५६७९ वजा करा. पाटीवर तीच चढण आणि तोच उतार पुन्हा उभा राहील.

नुसत्या एकांच्या संख्यांपैकी मूळ कोणत्या, हे विचारणे सोपे आहे. एकांची गणती नऊसारखी फोडता येत असेल, तर ती संख्याही फुटते, हे वर पाहिलेच. गणती मूळ असून भागत नाही, कारण तीन एकांची १११ फुटते. ११ ही मूळ. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग ३१७ एकांची आणि मग १,०३१ एकांची. ही शेवटची मूळ आहे हे सिद्ध झाले १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी. त्याहून मोठ्याही पुढे सापडल्या आहेत. पण अशा मूळ संख्या कधी संपतात की संपतच नाहीत, याचे उत्तर आजपर्यंत जगात कोणालाही देता आलेले नाही.